उसनवारीचा आरोप आणि ‘अलबेला’

संगीतकार सी. रामचंद्र यांचा विषय निघाला की आमच्या गोरेगावातली जाणती मंडळीही हमखास म्हणतात, “चाली गोड, पण सगळा हॉलिवूडचा बँडबाजा!” हा आरोप मला मान्य नाही.

त्यात तथ्य किती, ते आधी बघू. ‘समाधी’तल्या (१९५०) ‘गोरे गोरे’ची चाल अमेरिकन गाण्यावरून घेतलेली आहे, ते नाकारण्यात अर्थ नाही. ‘सन व्हॅली सेरेनेड’सारख्या (१९४१) चित्रपटांत अमेरिकन बँडवाला ग्लेन मिलर याचा ताफा पडद्यावर वाजवताना दिसे, तो थाट मुंबईने उचलला, हेही खरे. पण एका चालीवरून सगळ्या कारकिर्दीवर नकलेचा शिक्का मारणे हा अन्याय आहे.

‘अलबेला’ (१९५१) घ्या. ‘शोला जो भडके’त बोंगो, ओबो, ट्रंपेट, क्लॅरिनेट, सॅक्सोफोन असा सगळा परका सरंजाम आहे. तो बाजूला करा आणि नुसती चाल पेटीवर वाजवून बघा. ती तिथेही तितकीच फुलते. का फुलू नये? हा माणूस नागपुरात शंकरराव सप्रे आणि पुण्यात विनायकबुवा पटवर्धन यांच्याकडे गाणे शिकलेला. त्याच ‘अलबेला’त त्याने ‘धीरे से आजा री’ ही अंगाई दिली आणि दोनच वर्षांनी ‘अनारकली’. नकलाकाराच्या हातून हे होत नसते.

आणि ते ट्रंपेट वाजवणारे कोण होते? गोव्याचे! पोर्तुगीज अमदानीत चर्चच्या शाळांतून स्वरलिपी शिकलेली ही पोरे मुंबईच्या हॉटेलांत जाझ वाजवत आणि स्टुडिओत आमची गाणी सजवत. अल्दोन्याचा अंतोनियो झेवियर वाझ, म्हणजेच चिक चॉकलेट, रामचंद्रांचा सहायक होता. ‘अलबेला’त तो आपल्या ताफ्यासह पडद्यावरही दिसतो. पुणतांब्याचा संगीतकार, गोव्याचा ट्रंपेटवाला आणि ‘अलबेला’त नाचणारे भगवानदादा तर आपल्या अमरावतीत जन्मलेले. या संगीताला परके म्हणायचे तरी कशाच्या जोरावर?

खरा अन्याय वेगळाच आहे. मिलरच्या वादकांची नावे अमेरिकेत जपली गेली. आमच्या गोवेकर वादकांची नावे श्रेयनामावलीत बहुधा आलीच नाहीत. नकलेचा हिशेब मांडणाऱ्यांनी हा हिशेबही मांडावा. आणि लग्नसराईत गोरेगावच्या रस्त्यावर ‘अलबेला’ची चाल वाजली, तर वरातीतल्यांनी त्या क्लॅरिनेटवाल्याचे नाव जरूर विचारावे.