पासवर्ड अंगठ्याच्या सोयीचा, चोराच्याही सोयीचा

आपल्या दौलताबादच्या किल्ल्याची एक गोष्ट सांगतात. १२९६ साली अल्लाउद्दीन खिलजीचा वेढा पडला, तेव्हा धान्याची म्हणून वर चढवलेली पोती सोडली तर आत मीठ निघालं. आपले पासवर्डही असेच. वरून सगळे नियमात, आत मीठ.

नियम काय असतो? एक मोठं अक्षर, एक आकडा, एक चिन्ह. हा नियम संगणकासमोर बसून केलेला. तिथं सगळ्या कळा डोळ्यांपुढं असतात. बांधावर उभं राहून मोबाईलवर अर्ज भरणाऱ्याला मात्र इंग्रजी लहान अक्षरंच तेवढी नीट दिसतात. चिन्हं दुसऱ्या पानावर, मोठ्या अक्षराला वेगळी कळ. मग माणूस मोठं अक्षर आधीच उरकतो, पुढं पोराचं नाव लिहितो आणि एकदाच पान पालटून ॲटचं चिन्ह व १२३ टाकतो. आमच्या भागात अर्ज भरताना मी हेच बघतो. नाव बदलतं, साचा तोच. आणि हा साचा चोरालाही पाठ असतो.

साध्या बटणांच्या फोनवर इंग्रजी 'एस' उमटवायला सातची कळ चार वेळा दाबावी लागते. म्हणून लोक आकड्यांवरच भागवतात, जन्मसाल नाहीतर ट्रॅक्टरचा नंबर. पिनचंही तेच. २५८० हा आकडा का सुचतो? मोबाईलवर अंगठा मधल्या रांगेतून सरळ खाली उतरतो म्हणून. संगणकाच्या आकड्यांच्या कळा वरून सात-आठ-नऊ अशा असतात, तिथं ही उतरण जुळत नाही.

सेवा केंद्रावर अर्ज भरला, तर बऱ्याचदा गावाचं नाव आणि १२३ हाच साऱ्यांचा पासवर्ड. त्या पोराला बोलून काय उपयोग, दारात रांग उभी असते. पण ठिबकच्या अनुदानाचा अर्ज आणि बँकेचं खातं तुमचं आहे, त्याचं नाही.

माझं मत सरळ आहे. अक्षरांची ही भेसळ सोडा, लांबी वाढवा. अमेरिकेच्या मानक ठरवणाऱ्या सरकारी संस्थेनं २०१७ सालीच अशी सक्ती नको म्हणून सांगितलं आहे. एकमेकांशी संबंध नसलेले चार मराठी शब्द इंग्रजी लहान अक्षरांत सलग लिहा. बैल, पायरी, हळद, एसटी अशा धर्तीवर, पण हेच नव्हेत, ते आता पेपरात छापून आले! पान पालटायची गरज नाही, अंगठाही चुकत नाही. काही सरकारी पोर्टल अजून चिन्ह मागतात; ते शब्दांच्या मधे कुठंतरी घाला, शेवटी नको. पोर्टल करणाऱ्या साहेबांनी एकदा आपलं पोर्टल उन्हात, मोबाईलवर, मातीच्या हातानं उघडून बघावं, एवढीच विनंती.

पासवर्ड लिहून ठेवायचा तर घरच्या वहीत ठेवा. ग्रामपंचायतीच्या संगणकाला चिकटवलेली चिठ्ठी मात्र आजच काढा. पिनला शब्दांची युक्ती लागू नाही. तिथं बँक सहा आकडे देत असेल तर सहा घ्या, आणि ते कळांवर रेघ ओढल्यासारखे शेजारी-शेजारी घेऊ नका.