घरचा संघ कोणता?

२ मार्च २०२५, रविवार. आमच्या कोपऱ्यावरच्या चहाच्या टपरीवर संध्याकाळी नेहमीपेक्षा जास्त गर्दी होती. दुबईत भारत आणि न्यूझीलंडचा सामना चालू होता आणि टपरीवाल्याने मोठा टीव्ही लावला होता. मी आत शिरता शिरता म्हणालो, "अरे, आज आपण जिंकलो!" सगळ्यांनी आधी टीव्हीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. एक जण म्हणाला, "सर, अजून मॅच सुरू हाय ना." मी म्हणालो, "ती नाही रे. विदर्भ. रणजी करंडक. जामठ्याला. तिसऱ्यांदा." त्यावर एकाने "हो का?" म्हटलं आणि बिस्किटाचा पुडा फोडला.

त्याच्यावर माझा राग नाही. दोन्ही सामने एकाच दिवशी आले, आणि देशाचा सामना असला की मीही तोच पाहतो. राग आला तो पुढे तीन आठवड्यांनी. आयपीएल सुरू झाली आणि टपरीवर त्याच पोरांच्या तोंडी लिलावाचे आकडे! कोण किती कोटींना गेला, कोणाला कोणी सोडलं, सगळं तोंडपाठ. माझा नातू तर पिवळा सदरा घालून जेवायला बसला. त्याला विचारलं, "बाबू, तुझी टीम कोणती?" "चेन्नई." "चेन्नई कुठे आहे माहीत आहे का?" तर म्हणे, "आबाजी, तुम्ही पण ना!"

वाचकहो, हे लिहिण्याचं कारण हेच. भंडाऱ्यापासून नागपूर साठ-पासष्ट किलोमीटर. तिथे आपल्या नावाचा एक संघ आहे. आठ वर्षांत तो चारदा रणजीच्या अंतिम सामन्यात गेला आणि तीनदा करंडक घेऊन आला. आणि आपण सदरे घालतो चेन्नईचे, बंगळुरूचे आणि मुंबईचे. ही निष्ठा नव्हे. दुकानात टांगलेला रंग आवडला म्हणून घेतला, इतकाच तिचा अर्थ.

नागपूरकरांना तरी हे कळायला हवं होतं. २०१० मध्ये तेलंगणच्या आंदोलनामुळे हैदराबादचे डेक्कन चार्जर्स आपले सामने खेळायला जामठ्याला आले. काय तो जल्लोष! जणू घरचंच लग्न. २०१२ मध्ये तो संघच मोडीत निघाला. २०१६ मध्ये पंजाबचा संघ असाच पाहुणा म्हणून येणार होता, पण ते सामने नागपुरात झालेच नाहीत. आज त्या टाळ्या कोणाच्या खात्यात जमा आहेत, ते कोणी सांगावं.

आता माझं ऐका. मी काही पंडित नाही, मराठी माध्यमातून बी. ए. झालेला मास्तर आहे. पण माझ्याकडे शाळेच्या जुन्या हजेरीपटांची कोरी पानं शिवून केलेल्या वह्या आहेत. त्यांत मी वर्षानुवर्षं विदर्भाच्या सामन्यांची कात्रणं चिकटवली आहेत. कात्रणं म्हणजे तरी काय, दोन-दोन ओळी! विदर्भ रणजीत उतरला तो १९५७-५८ च्या हंगामात. मध्य विभागात आमच्या वाट्याला राजस्थान, उत्तर प्रदेश, मध्य प्रदेश, रेल्वे. बहुतेक वेळा "विदर्भाचा डावाने पराभव" एवढंच छापून यायचं. सौभाग्यवती विचारायची, "हरल्याची कात्रणं कशाला ठेवता हो?" नापास पोरांचीही नावं हजेरीत ठेवावीच लागतात, असं मी म्हणायचो. तेव्हा ते विनोदानं म्हणत होतो.

त्या दोन ओळींतून माणसं भेटत गेली. प्रशांत वैद्य १९९५-९६ मध्ये भारताकडून एकदिवसीय सामने खेळला तेव्हा आम्ही शिक्षक मंडळींनी मधल्या सुट्टीत चहा पाजला. मग उमेश यादव. वलनीच्या कोळसा खाणीतल्या कामगाराचा पोरगा. पोलिस भरतीत हुकला आणि २०११ च्या नोव्हेंबरात दिल्लीला कसोटी खेळला, विदर्भाचा पहिला कसोटीपटू. आणि फैज फझल! या माणसाबद्दल मी तासभर बोलू शकतो. २०१६ मध्ये हरारेला भारताकडून एकच एकदिवसीय सामना खेळला, नाबाद ५५ धावा केल्या आणि पुन्हा कधी त्याला बोलावलं नाही. दुसरा असता तर रुसला असता. हा परत नागपूरला आला, सलामीला उभा राहिला आणि पुढच्याच वर्षी विदर्भाचा कर्णधार म्हणून ९१२ धावा काढून करंडक घेऊन आला. फेब्रुवारी २०२४ मध्ये नागपुरातच शेवटचा सामना खेळून त्याने बॅट ठेवली. आमच्या टपरीवर त्याचं नाव घेतलं तर म्हणतात, "कोण? तो कोणत्या टीमचा?"

२०१७-१८ चा तो हंगाम तर मला एखाद्या वर्गासारखा पाठ आहे. चंद्रकांत पंडित प्रशिक्षक, कडक हेडमास्तरसारखे. कोलकात्याला कर्नाटकाविरुद्ध उपान्त्य सामना, आणि विजय किती धावांनी? पाच! रजनीश गुरबाणीने दुसऱ्या डावात सात गडी घेतले. हा पोरगा इंजिनिअरिंगची पदवी घेतलेला. मग इंदूरच्या अंतिम सामन्यात दिल्लीविरुद्ध त्याने हॅटट्रिक घेतली. रणजीच्या अंतिम सामन्यात त्याआधी अशी हॅटट्रिक फक्त एकदा, १९७२-७३ मध्ये तमिळनाडूच्या कल्याणसुंदरमने घेतली होती. अक्षय वाडकरचं शतक झालं आणि १ जानेवारी २०१८ ला आम्ही नऊ गडी राखून जिंकलो. साठ वर्षांत जो संघ एकदाही अंतिम सामन्यात गेला नव्हता, त्याने पहिल्याच फेरीत करंडक उचलला. मी त्या दिवशी वही काढली, ३२ वर १ असा शेवटचा आकडा लिहिला आणि पेन ठेवून बराच वेळ बसून राहिलो.

इथे कोणी हुशार वाचक मला अडवेल. "सर, तुमचा विदर्भ तरी कुठे घरचा? वसीम जाफर मुंबईचा. बद्रीनाथ तमिळनाडूचा. गणेश सतीश, करुण नायर कर्नाटकाचे. आणि तुमचा आदित्य सरवटे तर २०२५ च्या अंतिम सामन्यात केरळाकडून तुमच्याच विरुद्ध खेळला." सगळं खरं आहे. सरवटेने त्या सामन्यात ७९ धावा केल्या तेव्हा टाळी वाजवावी की नाही, हा प्रश्न मलाही पडला. (वाजवली. पोरगं आपलंच.)

पण फरक आहे, आणि तो साधा आहे. आयपीएलमध्ये सगळं दुकानच पाहुण्यांचं. इथे घर आपलं आणि त्यात दोन-तीन पाहुणे. आणि पाहुणे तरी कसे? चाळिशीच्या जाफरने २०१८ च्या इराणी करंडकात २८६ धावा काढल्या, पुढच्या हंगामात हजारावर. त्याच्यासमोर दुसऱ्या टोकाला उभं राहून आपली पोरं शिकली. ध्रुव शोरीचं तर बघा. २०१८ च्या त्या अंतिम सामन्यात आपल्याविरुद्ध १४५ धावा काढणारा दिल्लीकर तो, पुढे आपल्याच संघात येऊन सलामीला खेळला. गावात नवा मास्तर बदलून येतो, पाच-सात वर्षं शिकवतो आणि जातो. त्याने शिकवलेलं काय तो जाताना सोबत नेतो?

हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. २६ फेब्रुवारी २०२५, महाशिवरात्र. अंतिम सामन्याचा पहिला दिवस. आमच्याकडून गायमुखच्या, प्रतापगडच्या यात्रेला गाड्या भरभरून चालल्या होत्या आणि मी उलट्या दिशेच्या एस.टी.त बसलो. घरून ऐकावं लागलं, "बेल वाहायचा दिवस आणि हे चालले क्रिकेटला!" नागपूरला उतरून पुन्हा वर्धा रोडने जामठा. पोचून बसतो न बसतो तर काय, २४ धावांत तीन गडी बाद! म्हटलं, बेल वाहायलाच जायला हवं होतं. मग एकवीस वर्षांचा दानिश मालेवार आणि करुण नायर यांनी दोनशे पंधरा धावांची भागी केली. नायर दर षटकानंतर पुढे येऊन त्या पोराशी काहीतरी बोलायचा. काय बोलायचा ते ऐकू येणं शक्य नव्हतं, पण मास्तराला अशा गोष्टी दुरून कळतात. नायर ८६ वर धावबाद झाला. मालेवारने दुसऱ्या दिवशी १५३ केले. पुढे पहिल्या डावातल्या ३७ धावांच्या आघाडीवर करंडक आला. नायर आता परत कर्नाटकाकडे गेला. मालेवार इथेच आहे.

आणि त्या प्रचंड मैदानात प्रेक्षक किती? एवढ्या लांबच लांब रिकाम्या खुर्च्या मी माझ्या आयुष्यात पाहिल्या नाहीत. त्याच खुर्च्यांसाठी आंतरराष्ट्रीय सामन्याला लोक रात्रभर रांगा लावतात.

"रणजी कंटाळवाणी असते हो सर," हे मी शंभरदा ऐकलं. असेल. धानाची बांधीही रोज पाहायला कंटाळवाणीच असते. पण ज्याचं धान आहे तो पाहतोच. हर्ष दुबेने २०२४-२५ च्या एका हंगामात ६९ गडी बाद केले. रणजीच्या इतिहासात एका हंगामात इतके कोणालाच जमले नव्हते, बिशनसिंग बेदींनाही नाही. त्याच पोराने आदल्या वर्षी वानखेडेवर मुंबईविरुद्ध ५३८ धावांच्या अशक्य पाठलागात ६५ धावा काढून वाडकरला साथ दिली होती. आपण १६९ धावांनी हरलो. तो पराभव ज्याने पाहिला, त्यालाच पुढच्या वर्षी उपान्त्य सामन्यात मुंबईला ८० धावांनी हरवण्याची चव कळली. पार्थ रेखडेने एकाच षटकात रहाणे, सूर्यकुमार आणि दुबे या तिघांना परत पाठवलं, तेव्हा मी घरात एकटाच उभा राहून ओरडलो. तीन तासांच्या खेळात ही चव कुठून येणार? ती यायला मधे एक वर्ष जावं लागतं.

आणखी एका मंडळींशी माझं भांडण आहे. वेगळ्या विदर्भासाठी भाषणं ठोकणारे! त्या मागणीच्या बाजूने की विरुद्ध, तो विषय आज नाही. पण नागपूर कराराची तारीख ज्यांना पाठ असते, त्यांना विदर्भाच्या संघातली पाच नावं सांगता येत नाहीत. विदर्भ १९६० मध्ये महाराष्ट्रात सामील झाला. रणजीच्या फळ्यावर मात्र "विदर्भ" हे नाव एकाही हंगामात पुसलं गेलं नाही. ज्या एका ठिकाणी विदर्भ वेगळा आहे आणि वर जिंकतोही आहे, तिथे यांची खुर्ची रिकामी.

मला हे इतकं का लागतं ते सांगतो. ऐंशीच्या दशकात लाखनी तालुक्यातल्या एका खेड्यातला पोरगा माझ्या वर्गात होता. डावखुरा. पोरं त्याला डेबऱ्या म्हणायची. दिवाळीनंतर धान निघालं की मोकळ्या बांधीत रबरी चेंडूने फिरकी टाकायचा, आणि तो चेंडू असा वळायचा की मी पंच असून हसायचो. त्याला मी स्वतःच्या पैशाने एका निवड चाचणीला घेऊन गेलो. सकाळी आठपासून बसलो. दुपारी चारला त्याचं नाव पुकारलं. हातात आयुष्यात प्रथमच कातडी चेंडू. सहा चेंडू टाकायला मिळाले. परतीच्या गाडीत तो काही बोलला नाही, मीही नाही. पुढच्या वर्षी त्याच्या बापाने त्याला शेतीला लावलं.

७ फेब्रुवारी २०१९ ला त्याचा फोन आला. ऑस्ट्रेलियात तीन शतकं ठोकून आलेल्या पुजाराला सरवटेने पहिल्या डावात १ वर आणि दुसऱ्यात शून्यावर काढलं होतं, सामन्यात अकरा गडी. फोनवर नमस्कार नाही, काही नाही. "गुरुजी, डेबऱ्यानंच काढला ना त्याले!"

मला दोष कोणा एकाला द्यायचा नाही. पण विचार करा. तालुक्याच्या गावात नीट खेळपट्टी हवी, कातडी चेंडू हवा, शिकवणारा हवा, ही मागणी कोण करणार? ज्यांना चेन्नईची काळजी आहे ते? ज्या गावात विदर्भाच्या संघातलं एक नाव कोणी घेत नाही, त्या गावातला बाप पोराला नागपूरला कशासाठी पाठवील? दर्शन नळकांडे वर्ध्याचा, अक्षय कर्णेवार यवतमाळ जिल्ह्यातला, म्हणजे नागपूरच्या बाहेरूनही पोरं येतात हे सिद्ध आहे. वैनगंगेच्या या काठावरचा पोरगा त्या यादीत पाहायचा राहिला आहे, आणि माझं वय आता थांबणारं नाही.

असो. ऑक्टोबर २०२५ मध्ये विदर्भाने इराणी करंडकही घेतला, शेष भारताला ९३ धावांनी हरवून. अथर्व तायडेचं शतक. मी ते वहीत लिहीत होतो तेव्हा नातू मागून वाकून पाहत होता. म्हणाला, "आबाजी, हे सगळं मोबाईलवर असते." म्हटलं, असू दे. मग त्यानेच मागची पानं उलटली, जुन्या पराभवांची, आणि विचारलं, "एवढे हरत होते तरी तुम्ही लिहीत होते?"

त्याला म्हणालो, पुढच्या सामन्याला जामठ्याला येतोस का? तो म्हणाला, शाळा असते. मी म्हणालो, बुडव. चाळीस वर्षं मुलांच्या हजेऱ्या घेतलेल्या मास्तराने असं सांगू नये, पण सांगितलं.