मोठें इंजिन आणि मालकाचें मत

आमचा एक पुतण्या गेलीं नऊ वर्षें अमेरिकेंतील मिनेसोटा राज्यांत राहतो. गांवाबाहेर त्यानें घर आणि थोडें रान घेतलें आहे. हिवाळ्यांत दारापुढचें बर्फ ढकलावें, उन्हाळ्यांत जळाऊ लांकडें ओढावीं, यासाठीं त्याला 'एटीव्ही' हवी होती. मध्यंतरीं त्याचा टेलिफोन आला. "काका, हजार सी. सी.ची घेऊं कीं पांचशेंची? दुकानदार म्हणतो, घ्यायची तर मोठीच घ्या." घरांत लगेच दोन पक्ष पडले. धाकट्या मंडळींनीं मोठ्या इंजिनाला कौल दिला. वहिनींनीं मात्र एवढेंच विचारलें, "माझा नातू त्या गाडीवर बसणार नाहीं ना?" नातू अकरा वर्षांचा आहे. दोन्ही प्रश्न वाचकांपुढें मांडण्याजोगे वाटल्यानें या महिन्याचें टिपण त्यांवरच लिहितों.

ज्यांनीं ही गाडी पाहिली नसेल त्यांच्यासाठीं थोडें सांगतों. ही चार फुगीर टायरांची गाडी. घोड्यावर बसावें तसें तिच्यावर टांग टाकून बसावयाचें आणि मोटारसायकलीप्रमाणें हातांनीं वळवावयाची. चिखल, बर्फ, दगडगोटे यांतून ती चालते. होंडा कंपनीनें १९७० सालीं अमेरिकेंत विकावयास आणलेली गाडी तीन चाकांची व सुमारें ९० सी. सी.ची होती. तीन चाकांच्या गाड्या उलटून अपघात फार होऊं लागले, तेव्हां १९८८ सालीं सरकारशीं झालेल्या करारानें त्यांची विक्री थांबली. तत्पूर्वीं १९८२ सालीं सुझुकीनें चार चाकांची, १२५ सी. सी.ची गाडी आणली होती. पुढें इंजिन वाढतच गेलें. कावासाकीनें २००२ च्या नमुन्यांत ६५० सी. सी.चें दोन सिलिंडरांचें इंजिन बसविलें. मिनेसोटांतल्याच आर्क्टिक कॅटनें २००८ मध्यें ९५१ सी. सी.पर्यंत, तर कॅन-ॲमनें २०१२ मध्यें ९७६ सी. सी.पर्यंत मजल नेली. आपल्याकडे घरोघरीं दिसणाऱ्या साध्या मोटारसायकलीचें इंजिन १०० ते १२५ सी. सी.चें असतें, हें ध्यानांत घेतलें म्हणजे या वाढीची कल्पना येईल.

पुतण्यास आम्ही सांगितलें, "जाहिरात बाजूला ठेव आणि आसपासच्या चार मालकांना भेट. मात्र प्रत्येकाला पहिला प्रश्न हा विचार कीं, गाडी घेऊन किती दिवस झाले?"

त्यानें आणलेलीं उत्तरें मोठीं बोलकीं होतीं. तीन महिन्यांचा मालक केवळ जोराविषयीं बोलत होता. अंगठ्यानें कळ दाबतांच गाडी कशी झेपावते, याचें वर्णन करतां करतां त्याला वेळ पुरेना. दोन वर्षांच्या मालकानें पट्टा जळल्याची हकीकत सांगितली. सहा वर्षें गाडी वापरणाऱ्या शेतकऱ्यानें तर इंजिनाचें नांवहि काढलें नाहीं. चाकांचे बेअरिंग, आंसाच्या सांध्यावरील फाटलेलें रबरी आवरण, चिखलानें बुजलेला रेडिएटर, हाच त्याचा विषय. चौथ्यानें मोठी गाडी विकून मध्यम घेतली होती, तो म्हणाला, "त्या जोराचा चौथा हिस्साहि मीं कधीं वापरला नाहीं."

या उत्तरांतील मर्म असें. यांपैकीं बहुतेक गाड्यांत इंजिनाचा जोर दोन कप्प्यांवरून फिरणाऱ्या एका रबरी पट्ट्यानें चाकांकडे जातो. इंजिन कितीहि बलाढ्य असलें तरी सारा भार अखेर त्या पट्ट्यावर पडतो. जड ओझें हळूहळू ओढतांना 'लो' गिअर न घालतां 'हाय'मध्येंच रेटलें, तर पट्टा घसरतो, तापतो आणि जळतो. पट्ट्याच्या पेटींत पाणी शिरलें तरीहि तो घसरतो. हौसेनें मूळच्यापेक्षां मोठे टायर बसविले, तर पट्टा आणि आंस दोहोंवर ताण वाढतो. मोठें इंजिन उष्णताहि अधिक निर्माण करतें. म्हणून चिखलांतून आल्यावर रेडिएटर धुणें आणि धुळींतून आल्यावर हवेची गाळणी साफ करणें अटळ होतें. यामाहानें पट्टा सदैव ताठ राहील अशी योजना केली; होंडानें कांहीं गाड्यांत पट्टाच काढून दांतेरी चाकें घातलीं. सारांश, टिकाऊपणा सी. सी.च्या आंकड्यांत नसून जोर चाकांपर्यंत कसा पोंचतो यांत, आणि मालकाच्या हातांत असतो.

आतां वहिनींचा प्रश्न. मोठ्या एटीव्हीचें वजन तीनशें किलोहून अधिक भरतें. ती आंखूड, अरुंद आणि उंच; उतारावर तोल गेला तर ती चालकाच्या अंगावरच येते. ऑस्ट्रेलियांत अशा अपघातांत इतके शेतकरी दगावले कीं, ऑक्टोबर २०२१ पासून शेतकामाच्या नव्या गाडीस चालकरक्षक चौकट सक्तीची झाली, आणि कांहीं नामांकित कंपन्यांनीं तेथील विक्रीच सोडली. अमेरिकेंतील सरकारी सुरक्षा-आयोगहि सोळा वर्षांखालील मुलांनीं प्रौढांची गाडी चालवूं नये असें बजावतो. मालकांचीं मतें गोळा करतांना एक गोष्ट विसरूं नये : ज्याच्या अंगावर गाडी उलटली, त्याचें मत बहुधा आपल्या कानीं येत नाहीं.

पुतण्यानें पांचशें सी. सी.ची घेतली. पहिल्याच बर्फांत तिनें काम चोख केलें, असें तो कळवितो. गाडीची किल्ली सुनेच्या ताब्यांत असून नातवाला सोळावें लागेपर्यंत ती तेथेंच राहील, हें ऐकून वहिनींचें समाधान झालें. आपल्याकडे अलिबागजवळच्या किनाऱ्यांवर या गाड्या भाड्यानें मिळतात. सुटींत मुलांना घेऊन जाणाऱ्यांनीं वहिनींचा प्रश्न आधीं विचारावा, आणि शिरस्त्राण मिळत नसेल तर सरळ घोडागाडींत बसावें.