शागिर्द राहिलेले उस्ताद

शिक्षक दिनाला शाळेत फुले मिळतात, भाषणे होतात आणि दुपारनंतर वर्ग नेहमीसारखे सुरू होतात. दुसऱ्या दिवशी, 6 सप्टेंबरला, उस्ताद अल्लाउद्दीन खाँ यांची बरसी असते. 1972 साली याच तारखेला त्यांचा इंतकाल झाला. पंडित रविशंकर, उस्ताद अली अकबर खाँ, निखिल बॅनर्जी, बासरीवादक पन्नालाल घोष या सगळ्यांचे हे गुरू. पण त्यांची हकीकत वाचली की माझ्या मनात राहतो तो त्यांच्यातला शागिर्द.

ब्राह्मणबाडिया भागातले शिबपूर हे त्यांचे गाव. आज ते बांगलादेशात आहे. जन्मसाल कुणी 1862 लिहितात, कुणी 1881. (दाखल्यांवरच्या तारखांचे घोळ रोज निस्तरणाऱ्या आम्हा शिक्षकांना याचे नवल नाही.) गाण्याच्या वेडापायी लहानपणीच घर सोडून ते कलकत्त्याला आले. अन्नछत्रात जेवायचे, मिळेल त्या आडोशाला झोपायचे. तिथे नुलो गोपाल नावाच्या गवयाने त्यांना पदरात घेतले. अट एकच होती, बारा वर्षे नुसता सरगम घोटायचा. सातेक वर्षे झाली आणि गुरू प्लेगने गेले.

दुसरा कुणी असता तर नशिबाला बोल लावून गावी परतला असता. यांनी गाणे बाजूला ठेवले आणि वाद्ये हातात घेतली. विवेकानंदांचे नातलग अमृतलाल दत्त यांच्याकडे वाद्यांची तालीम घेतली, हजारी उस्तादांकडून सनई आणि लोबो नावाच्या एका गोवेकर बँडमास्तरांकडून व्हायोलिन. बंगाली हिंदूने सूर दिला, गोव्याच्या ख्रिस्ती माणसाने गज धरायला शिकवले. कुणाकडून शिकतो आहोत, याची लाज या मुसलमान पोराला कधी वाटली नाही. पुढे मुक्तागाछाच्या जमीनदाराकडे अहमद अली खाँ यांचा सरोद ऐकला आणि तिथेच त्यांचे पाय धरले.

एवढ्यावर पोट भरले असते. पण त्यांना रामपूरच्या वजीर खाँकडे शिकायचे होते. वजीर खाँ म्हणजे तानसेनाच्या वंशातले बीनकार, बाहेरच्याला सहजासहजी उभे न करणारे. अल्लाउद्दीन थेट नवाबाच्या गाडीपुढे आडवे झाले आणि आपली अर्जी ऐकवली, असे सांगतात. गंडा बांधला गेला, तरी उस्तादांनी बराच काळ त्यांना काही शिकवले नाही. ते थांबले. इतकी वाद्ये येणारा, वयाने वाढलेला माणूस पुन्हा पहिलीच्या बाकावर बसला.

मग मैहर. तिथल्या महाराजांनी त्यांना गुरू मानले. साथीच्या रोगाने अनाथ झालेली मुले गोळा करून बाबांनी त्यांचा वाद्यवृंद उभा केला, तोच मैहर बँड. बंदुकीच्या जुन्या नळ्या कापून त्यांनी नलतरंग नावाचे वाद्य बनवले. मला हे फार आवडते. अनुदान आले नाही, साहित्य मिळाले नाही, असे रडगाणे स्टाफरूममध्ये सुरू झाले की मला त्या नळ्या आठवतात.

त्यांचा मारही तितकाच प्रसिद्ध होता. सख्ख्या मुलाला, अली अकबरला, झाडाला बांधून मारल्याचे सांगतात. तो एकदा घरातून पळूनही गेला. ‘त्या काळी असेच चालायचे’ हे उत्तर मला पटत नाही. मुलगा मोठा कलावंत झाला तो मारामुळे, असे मी तरी कुणाला सांगणार नाही.

बाबा पाच वक्त नमाज पढत आणि मैहरच्या शारदामातेलाही मानत. संगीत जायज की नाजायज, हा वाद मला इथे काढायचा नाही. मला बोलायचे आहे त्यांच्या मुलींबद्दल.

थोरली जहाँआरा संगीत शिकली होती. निकाह झाला, सासरच्यांना तिचे गाणे खपले नाही. तिचे फार हाल झाले आणि त्यातच ती गेली. बाबांनी मनाशी ठरवले की धाकटीला, रोशनआराला, शिकवायचे नाही. भावाची तालीम चालू असताना ती लांबून ऐकायची. एकदा बाबा बाहेर गेलेले असताना अली अकबर चुकत होता आणि ती त्याला गाऊन दुरुस्त करत होती. मागे अब्बा येऊन उभे आहेत, हे तिला कळले नाही. मार पडेल म्हणून ती घाबरली. बाबांनी तिला खोलीत नेले आणि तालीम सुरू केली.

दर वर्षी कुणीतरी आई मला वर्गाबाहेर बोलावून सांगते, “टीचर, हात चांगला आहे हिचा चित्रकलेत, पण पुढे सासरी काय? उगीच नाद नको.” त्या बाईची भीती खोटी नसते. जहाँआराच्या नशिबी ती खरीच झाली. पण गुन्हा सासरच्यांचा होता आणि त्याची सजा धाकट्या बहिणीने भोगायची, हा हिशेब बाबांनी स्वतःच आधी मांडला होता. चूक दिसताच तो पुसायलाही त्यांना वेळ लागला नाही. वयाने आणि मानाने एवढ्या मोठ्या बापाला हे जमले. आमच्यातल्या कितीतरी घरांत मुलीचे शिकणे कधी थांबवायचे हे ती पाचवीत असतानाच ठरलेले असते आणि तो निर्णय नंतर कुणी उघडूनही बघत नाही.

तीच रोशनआरा पुढे सुरबहार वाजवणाऱ्या अन्नपूर्णा देवी म्हणून ओळखली गेली. आयुष्याचा मोठा काळ त्या आपल्या मुंबईत राहिल्या आणि 2018 साली मुंबईतच गेल्या. मैफली त्यांनी कधीच सोडल्या होत्या, शिकवणे मात्र घरात चालू होते. हरिप्रसाद चौरसिया त्यांच्याकडे आले तेव्हा बासरीवादक म्हणून त्यांचे नाव झालेले होते. पहिले विसरून नव्याने सुरुवात करायला आपली तयारी आहे, हे बाईंना पटवायला त्यांनी बासरी उजवीकडून काढून डावीकडे धरली. ती आजही डावीकडेच आहे.