भोकं पडलेली पानं

स्वयंसेवकांनी दोन पावसाळे जपलेला झाडांचा वाफा गेल्या शनिवारी पुण्यातल्या एका गृहसंकुलात अर्ध्या तासात ‘साफ’ झाला. सोमवारी पाहुणे यायचे होते आणि रुई-पानफुटीची पानं किडकी दिसत होती. माळ्याच्या हातात विळा आणि फवारणीचा पंप दिला गेला. माळ्याला बोल लावण्यात अर्थ नाही. पानाला भोक पडलं की औषध मारायचं, एवढंच त्याला आजवर सांगितलं गेलं आहे.

फवारणीआधी कुणी पानफुटीचं एक पान उजेडाकडे धरायला हवं होतं. रेड पिएरो या फुलपाखराची अळी पानाच्या दोन पापुद्र्यांमधला गर खात आतल्या आत सरकते. पान फिकट, फुगीर दिसतं आणि अळी गेली त्या वाटेवर काळे कण साचलेले असतात. त्या पानात बिऱ्हाड असतं.

घाणेरीवरून नेहमी वाद होतो. तिच्यावर एवढी फुलपाखरं बसतात, मग ती उपटायची कशाला, हा प्रश्न अजूनही येतो. घाणेरी आणि लिंबू शेजारी शेजारी ठेवून आठवडाभर पाहावं. अमेरिकेच्या उष्ण प्रदेशातून आलेली घाणेरी ही खानावळ आहे. फुलपाखरू येतं, मध पितं, निघून जातं. लिंबू हे माहेर. २०१५ मध्ये महाराष्ट्राने जिला राज्य फुलपाखराचा मान दिला ती राणी पाकोळी अंडी घालते लिंबाच्या कुळातल्या झाडांवर. मादी पानावर उतरते, पुढच्या पायांनी पान चाचपते आणि ओळख पटली तरच अंडं ठेवते. घाणेरीच्या पानावर ती असं करणार नाही. प्लेन टायगरला रुई लागते, एमिग्रंटला बहावा. शहरात खानावळी शंभर आणि माहेर एकही नाही, अशी स्थिती झाली की दिसणारं प्रत्येक फुलपाखरू बाहेरून आलेला पाहुणा असतो. ठाण्यात घोडबंदर रस्त्यालगत राजेंद्र ओवळेकरांनी शेतजमिनीवर फुलपाखरांची बाग उभी केली, तिचा पाया हाच आहे: फुलपाखरांसाठी मधाची झाडं आणि अळ्यांसाठी खाण्याची झाडं, दोन्ही एकाच आवारात.

मधमाशांच्या बाबतीतही हेच. टोमॅटो-वांग्याच्या फुलात पराग पुंकेसरांच्या नळीत कोंडलेला असतो. भुंगा किंवा निळ्या पट्ट्यांची माशी फूल घट्ट धरून अंग थरथरवते तेव्हा तो झडतो. पोळ्यातल्या मधमाशीला ही कला येत नाही. भुंगा वाळक्या लाकडात घर कोरतो, निळ्या पट्ट्यांची माशी मातीत. म्हणजे कोपऱ्यातला वाळका ओंडका आणि हातभर उघडी माती हेही बागेचंच सामान. पेव्हर ब्लॉक आणि लॉन यांनी ते दोन्ही एकदम संपवलं.

आणि उंदीरमारी, म्हणजेच गिरिपुष्प! पुण्याच्या टेकड्यांवर हिरवं दिसावं म्हणून तिच्या रांगा लावल्या गेल्या आणि त्यालाच वनीकरण म्हटलं गेलं. त्या रांगांखाली उभं राहून पावसाळी रानफुलं शोधावीत. टेकडीने काय गमावलं ते डोळ्यांना दिसतं.

रोपं लावायला जूनमध्ये शेकडो हात मिळतात. फेब्रुवारी ते मे बादलीने पाणी घालायला, गाजरगवत फुलावर येण्याआधी मुळासकट उपटायला, पाचोळा जाळू न देता आळ्यात पसरायला चार-पाच जण उरतात. बाग त्यांच्यावर जगते. आता त्यांच्या कामात एकाची भर पडली आहे: माळ्याशी बोलत राहणं, त्याला अळी दाखवणं.

त्या संकुलात या रविवारी ते सुरू झालं. सकाळी सात वाजता पाच जण आणि माळीदादा उरलेल्या रुईपाशी बसले होते. माळीदादांनीच कुंपणाच्या तारेकडे बोट दाखवलं. फवारणीतून वाचलेला, सोनेरी ठिपक्यांचा फिकट हिरवा कोष तिथे लटकत होता. त्या आठवड्यात तार बदलायची होती. ते काम त्यांनी पंधरा दिवस पुढे ढकललं.