पुराची कालगणना आणि धरणाची विस्मृती

लोकस्मृती पंचांगाने चालत नाही. ती आपत्तींनी काळ मोजते. प्लेगचे साल, दुष्काळाचे साल, तसे पुण्याच्या जुन्या पेठांत दीर्घकाळ ‘पुराच्या आधी’ आणि ‘पुरानंतर’ असे दोनच कालखंड होते. कोणाचे लग्न, कोणाचा वाडा, कोणाचे दुकान, हे सारे त्या रेषेच्या अलीकडे वा पलीकडे सांगितले जाई. कोणता पूर, हे विचारावे लागत नसे.

तो पूर 12 जुलै 1961 चा. आंबी नदीवरील पानशेतचे मातीचे धरण त्या सकाळी फुटले. त्याच्या लोंढ्याने मुठेवरील खडकवासल्याचे जुने दगडी धरणही भंगले आणि दुपारपर्यंत नदीकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या. आदल्या रात्री लष्कराच्या जवानांनी वाळूची पोती रचून खचणारा भराव सावरून धरला होता. पाणी रात्री न येता दिवसा आले आणि असंख्य जीव वाचले, ते त्यामुळे. खडकवासला गेल्याने शहराचे नळ कोरडे पडले आणि विस्मृतीत गेलेले वाड्यांतले आड पुन्हा वापरात आले. गोखलेनगर, सहकारनगर, लोकमान्यनगर या वसाहती पूरग्रस्तांच्या पुनर्वसनातून वाढल्या. म्हणजे आजच्या पुण्याचा नकाशाही त्या पुराचाच एक दस्तऐवज होय.

येथे भाषेचा एक व्यवहार लक्षात घ्यावयास हवा. पुणेकर ‘पानशेतचा पूर’ म्हणतात, ‘पूर आला’ म्हणतात. ‘आला’ हे क्रियापद मोठे सोयीचे आहे. पाऊस येतो, तसा पूर येतो; त्यात कर्ता शोधावा लागत नाही. वस्तुतः धरणाचे काम अपुरे होते, पाणी सोडण्याच्या मोरीची आणि तिच्या दारांची व्यवस्था पूर्ण झालेली नव्हती, आणि तरीही त्याच पावसाळ्यात जलाशय भरू दिला गेला. पहिल्या चौकशी आयोगाचे न्यायमूर्ती बावडेकर यांचा काम पुरे होण्याआधीच मृत्यू झाला व चौकशी न्यायमूर्ती नाईक यांच्याकडे गेली. मात्र घराघरांतून सांगितल्या जाणाऱ्या कथनांत मोरी नाही, आयोग नाही. तेथे आहेत वाहून गेलेली भांडी, माळ्यावर काढलेली रात्र, भिंतीवरची पाण्याची खूण. स्मृतीने वेदना जपली आणि उत्तरदायित्व गाळले.

ही केवळ पुण्याची प्रकृती आहे, असे म्हणता येणार नाही. 11 ऑगस्ट 1979 रोजी मच्छू-2 धरण फुटून सौराष्ट्रातील मोरबी उद्ध्वस्त झाले. तेथे त्या दिवशी भोंगा वाजतो, मिरवणूक निघते; शोकाला सार्वजनिक विधीचे रूप मिळाले आहे. परंतु तेथील चौकशी आयोग शासनाने मध्येच गुंडाळला, आणि त्या दुर्घटनेचे साद्यंत कथन ग्रंथरूपाने आले ते 2011 मध्ये, तेही इंग्रजीत. पुण्यात चौकशी झाली पण विधी घडला नाही. मोरबीत विधी घडला पण चौकशी तडीस गेली नाही. दोन्हीकडे कथेचा अर्धाच भाग लोकांच्या हाती राहिला.

भारतीय साहित्यांच्या अभ्यासकांनी दुष्काळाच्या आणि फाळणीच्या कथनांना जे स्थान दिले, ते धरणफुटीच्या कथनांना दिलेले नाही. ‘ही तर आठवणींची पुस्तके’, असा त्यावर आक्षेप घेतला जाईल. पण मौखिक कथनात काय सांगितले जाते याइतकेच काय वगळले जाते, हे तपासणे हेच तौलनिक अभ्यासाचे काम आहे. मराठी आणि गुजराती कथने शेजारी ठेवली, तर ही वगळणूक अधिक स्पष्ट दिसेल. शिवाय 1961 साली जे शाळकरी वयाचे होते ते आज सत्तरीच्या पुढे आहेत. ध्वनिमुद्रणे व्हायची तर ती याच काही वर्षांत होतील. अन्यथा उरेल ती भिंतीवरची खूण; आणि पाणी कोठवर चढले एवढेच ती सांगते, ते का चढले हे सांगत नाही.