तलवार घासू नका, आधी वाचा!

नवरात्र आले की यवतमाळचा दुर्गोत्सव पाहायला खेड्यापाड्यांतून माणसे लोटतात. त्याच दिवसांत जुन्या घरांमध्ये एक वेगळे काम निघते. माळ्यावरची, पेटीतली तलवार खाली काढायची, विटेची पूड, चिंच, राख, हल्ली पॉलिश पेपर, जे हाती लागेल त्याने ती लख्ख घासायची आणि खंडेनवमीला पाटावर मांडून हळदकुंकू वाहायचे. पूजेबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती घासण्याबद्दल. कारण तो अपराध मी स्वतः केला आहे.

माझे आबाजी दुसऱ्या महायुद्धात पलटणीत होते. जपान १९४५ साली शरण गेले, तेव्हा जपानी अधिकाऱ्यांना आपल्या तलवारी खाली ठेवाव्या लागल्या. त्यांतल्या अनेक जेत्यांच्या सैनिकांबरोबर घरोघरी गेल्या. आबाजींच्या ट्रंकेतूनही एक आली. वीस-बावीस वर्षांचा असताना एका नवमीला मी तिची मूठ काढली. आतला भाग काळपट गंजलेला होता, त्यावर काही रेघा होत्या. तासभर घासून मी तो चांदीसारखा केला. आबाजींनी पाहिले आणि म्हणाले, "बरं केलंस." त्यांनाही ठाऊक नव्हते, मलाही नव्हते.

पुढे एका जाणकाराला ती दाखवली. त्यांनी पात्याकडे फारसे पाहिलेच नाही. आधी विचारले, "मुठीच्या आत काय आहे?" मी अभिमानाने सांगितले. ते गृहस्थ बराच वेळ बोलले नाहीत.

जपानी तलवारीची कुंडली मुठीच्या आत असते. एका लहानशा बांबूच्या खुंटीवर मूठ बसवलेली असते. ती काढली की पात्याचे शेपूट दिसते. लोहार आपले नाव, कधी गाव आणि साल तिथेच कोरतो. त्या भागावरचा गंज मुद्दाम राखतात, कारण त्याच्या रंगावरून वयाचा अंदाज येतो. मी घासले ते नेमके हेच.

महायुद्धातल्या सगळ्याच तलवारी मौल्यवान नव्हत्या. १९३५च्या नमुन्याच्या, खालच्या हुद्द्यांसाठी असलेल्या तलवारी यंत्रावर बनत. त्यांची मूठ धातूची ओतीव असे आणि पात्यावर नंबर ठोकलेला असे. अधिकाऱ्यांच्या तलवारींतही बरीच पाती कारखान्यातली होती. लोहाराच्या नावाजवळ छोटा शिक्का असला, तर पाते बहुधा युद्धकाळातले समजावे. परंतु काही अधिकाऱ्यांनी घराण्यातले, शतकांपूर्वीचे पातेच लष्करी मुठीत बसवून रणांगणावर नेले होते. वरून दोन्ही सारख्याच. फरक सांगणार ते आतले शेपूट. आमच्या पात्यावर नंबर नव्हता. मग ते कारखान्यातले की कोणाच्या पूर्वजांचे? आता सांगता येत नाही. उत्तर मीच पुसून टाकले.

ओळख पटली तर काय होते, तेही सांगतो. अमेरिकेतील वॉल्टर कॉम्प्टन या संग्राहकाने जुन्या वस्तूंच्या दुकानातून एक जपानी तलवार घेतली. ती कागोशिमाच्या तेरुकुनी मंदिरातून युद्धानंतर नाहीशी झालेली, कुनिमुने या जुन्या लोहाराची, राष्ट्रीय ठेवा मानलेली तलवार निघाली. कॉम्प्टन यांनी १९६३ साली ती परत केली, तीही मोबदला न घेता.

एवढ्या दूर तरी कशाला जायचे? एप्रिल २०२५ मध्ये लंडनच्या लिलावात नागपूरकर पहिल्या रघुजी भोसल्यांची तलवार आली आणि महाराष्ट्र सरकारने ती ४७.१५ लाख रुपयांना घेतली. या भोसल्यांचे एक ठाणे आपल्याच जिल्ह्यातील भामला होते. पाते युरोपात घडलेले, म्हणूनच तिला 'फिरंग' म्हणायचे. पण पात्यावर देवनागरीत 'सेना साहेब सुभा' या पदवीसह रघोजींचे नाव सोन्याने उमटवले आहे. कल्पना करा, ही तलवार आपल्याकडच्या एखाद्या वाड्यात असती आणि दर नवमीला रेती-चिंचेने घासली गेली असती! नाव उरले असते का? आणि नाव गेल्यावर ती कोणाची, हे कोणी ओळखले असते?

म्हणून माझे सांगणे साधे आहे. तलवार हाती आली की "किती येतील?" हा प्रश्न शेवटी ठेवा. पात्यावर नरम कापडाने हलका तेलाचा हात फिरवा, बस. पाते बोटांनी हाताळू नका, घामाने गंज चढतो. आपल्याकडच्या तलवारीची मूठ सहसा लाखेने बसवलेली असते, ती तापवून उघडण्याच्या भानगडीत पडू नका. अक्षर, शिक्का, नक्षी दिसली तर फोटो काढा आणि संग्रहालयातील जाणत्यांना दाखवा. शंभर वर्षांहून जुनी तलवार १९७२च्या कायद्याने पुरावशेष ठरू शकते. खाजगी माणसाला ती परदेशी विकता येत नाही, हेही ध्यानात ठेवा.

आणि घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा, ती कुठून आली, कोणी आणली. ते ऐकलेले वहीत उतरवून तलवारीबरोबर ठेवा. आबाजींना मी हे कधी विचारले नाही. आता आमच्या पेटीत एक चकचकीत पाते आहे. ते कोणाचे, ते मात्र कोणालाच सांगता येत नाही.